भुकेल्या बापांच्या खुणा

"सरका!" मी ओरडले.

समोरचा माणूस सरकला नाही. सरकणार कसा? दोन्ही हातांत कॉम्प्युटरचा भलामोठा पडदा, पाठ दाराला टेकलेली, आणि पडद्याची वायर दाराच्या मुठीत अडकलेली. प्रयोगशाळेचं एकुलतं एक दार त्यानं अडवून धरलं होतं, आणि माझ्या हातातल्या बादलीत बर्फ वितळत होता.

"एक मिनिट हं... ही वायर जरा —"

"एक मिनिट नाहीये माझ्याकडे. सरका म्हटलं ना!"

त्यानं पडद्यावरून नुसते डोळे वर काढून पाहिलं. आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकते, डोळे चांगले होते. हसरे, जरासे झोपाळू. त्या क्षणी मात्र त्या डोळ्यांसकट त्याला उचलून बाहेर ठेवावंसं वाटलं.

"एवढी घाई? आइस्क्रीम आहे का त्यात?"

"वृषणं आहेत," मी म्हणाले.

पडदा हातातून सुटता सुटता राहिला.

"क... कोणाची?"

"अजून तरी उंदरांची." आणि मी त्या वायरीला असा हिसडा दिला की तो, त्याचा पडदा आणि दार, तिन्ही एकदम बाजूला झाले.

ही आमची पहिली भेट. लोकांच्या पहिल्या भेटीत काय काय असतं... आमच्या भेटीत बर्फाचं पाणी होतं, आणि माझ्या अंगाला उंदरांच्या पिंजऱ्यातल्या भुशाचा वास.

माझ्या नाकावर राग असतो, असं आई म्हणते. तिचं काय जातं म्हणायला? ती स्वतः शेजारणींना माझं काम सांगताना अडखळते. "पेशींवर काम करते ती," इतकं म्हणते. "कसल्या पेशी?" असं कोणी विचारलं की लगेच चहा टाकायला उठते. शुक्राणू हा शब्द आमच्या घरात फक्त मी उच्चारते, आणि तोही जेवताना, कारण तेव्हा कोणाला उठून जाता येत नाही.

तो आमच्याकडे आकडेमोड करायला आला होता. आम्ही नमुने तयार करायचे, मशीननं त्यातला डीएनए वाचून माहितीचे डोंगर ओतायचे, आणि त्यानं ते उपसायचे. मी त्याचं नाव आकडेशास्त्री ठेवलं. दोन दिवसांत सगळी प्रयोगशाळा त्याला तेच म्हणायला लागली, आणि तोही ओ द्यायला लागला.

"मला एक सांगा," तो एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "या खुणा म्हणजे नेमकं काय? आकडे रोज बघतो, पण डोळ्यांपुढे काही येत नाही."

"डीएनए माहितीये ना?"

"तेवढं शिकलोय."

"त्यावर जागोजागी मिथिल नावाची बारीकशी रासायनिक खूण चिकटते. ज्या जीनवर ती दाट बसली, तो जीन सहसा गप्प राहतो."

"म्हणजे जीन तोच, फक्त त्यावर 'गप्प बस' असं लिहिलेलं?"

"हो. तुमच्यावरही कोणीतरी लिहायला हवं होतं."

तो हसला. मी हसले नाही. म्हणजे... थोडीशी.

"आणि शुक्राणूंचंच का?"

"कारण तिथं गंमत आहे. शुक्राणू ज्या पेशींतून घडतात ना, त्यांच्यातल्या जुन्या खुणा आधी पुसून टाकल्या जातात आणि मग सगळं नव्यानं लिहिलं जातं. ते लिखाण पुढे पोरांपर्यंतही पोचू शकतं. माझा प्रश्न एवढाच, की बाप अर्धपोटी राहिला तर त्या लिखाणात फरक पडतो का?"

"आणि पडतो?"

"पडतो!" मी म्हणाले. तेव्हा माझा चेहरा कसा दिसत होता कोण जाणे. तो बघतच राहिला, आणि मला उगाच पेनचं टोपण शोधावं लागलं.

खरंच पडत होता. अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांच्या शुक्राणूंत कितीतरी जागी खुणा फिकट झाल्या होत्या. तीन वर्षं मी जिवाचं रान केलं होतं त्यासाठी. आता शोधनिबंध जायचा होता, त्यावर माझी पदवी अवलंबून होती, आणि शिष्यवृत्ती संपत आली होती. सगळं त्या फिकट खुणांवर.

तो रोज यायचा. कधी प्रश्न घेऊन, कधी मशीनमधली ती काळीकुट्ट कॉफी घेऊन. माझ्या चपलांचा आवाज आला की दार उघडून बाजूला उभा राहायचा, द्वारपालासारखा कमरेत वाकून. मी "पुरे झाला आगाऊपणा" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम चपला वाजवत यायचे.

आणि मग ती बैठक झाली.

आमच्या मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंनी, निबंध पाठवण्याआधी अख्खा विभाग बोलावला होता. मी आलेख दाखवला. पोटभर जेवणाऱ्यांची रेघ वर, अर्धपोटींची खाली. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मॅडम खुशीत होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर झाला.

"एक शंका होती," आकडेशास्त्री म्हणाला. "ज्या जीनवर बापाची खूण हमखास असते, तो तुम्ही यादीतून आधीच वगळलाय ना?"

"हो. शुक्राणूत तिथं खूण पुरी असते, बदलत नाही. मग बघायचं काय त्यात?"

"मी बघितलं. पोटभर जेवणाऱ्यांत पुरी आहे. अर्धपोटींत... पुरी नाहीये."

मला त्याच क्षणी कळलं, आणि तेच तर वाईट होतं.

शरीरातल्या साध्या पेशीत त्या जीनच्या दोन प्रती असतात. बापाकडून आलेल्या प्रतीवर खूण असते, आईकडून आलेली कोरी. म्हणजे हिशेब निम्मा. शुक्राणूत मात्र खूण पुरी. तिथं ती कमी दिसली तर अर्थ एकच, की नमुन्यात शुक्राणूंबरोबर दुसऱ्या पेशीही मिसळल्यात. आणि त्या अर्धपोटींच्याच नमुन्यात जास्त का? कारण अर्धपोटी उंदरांत शुक्राणूच कमी निघतात. कचरा तेवढाच, पण माल कमी. मग त्या कचऱ्याच्याच खुणा माझ्या आलेखात दिसणार, दुसरं काय? माझ्या खुणा फिकट झाल्याच नव्हत्या कदाचित. मी दुसऱ्याच पेशी मोजल्या होत्या.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मी खाली बसले. कानांत नुसती आग.

बैठक संपल्यावर मी त्याला जिन्यापाशी गाठलं.

"मला आधी सांगता येत नव्हतं?"

"मॅडमना सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात."

"काय?"

"त्या म्हणाल्या, तो जीन बाजूलाच राहू दे, तिच्या डोक्यात काही घालू नकोस, निबंध आधी जाऊ दे."

"आणि मी? मी कोण? माझं काम आहे ते!"

"तुला सांगायला आलो होतो. तीनदा आलो. पण तू इतकी खुशीत असायचीस... माझा धीर झाला नाही."

"एकटीसमोर धीर झाला नाही आणि अख्ख्या विभागासमोर झाला? वा रे धीर!"

"तू तो आलेख लावलास, सगळे टाळ्या वाजवायला लागले, आणि मला वाटलं, आज गप्प बसलो तर हेच उद्या कोणीतरी परका माणूस विचारेल. छापून आल्यावर. तेव्हा तू एकटी उभी असशील."

"माझी काळजी करायला कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही."

त्या दिवशी तो मला पहिल्यांदा तू म्हणाला, आणि रागाच्या भरात मलाही तुम्ही-आम्ही सुचलं नाही. हे माझ्या घरी गेल्यावर लक्षात आलं, आणि त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"बस."

"बसायचं नाहीये मला. नमुने साबणाच्या द्रावणात पूर्ण धुवायचे असतात, म्हणजे बाकीच्या पेशी फुटून जातात आणि शुक्राणूंची टणक डोकी तेवढी उरतात. ते धुणं अर्ध्यावर थांबवायला तुम्हीच सांगितलं होतंत."

"कारण अर्धपोटी उंदरांत शुक्राणूच कमी होते! पूर्ण धुतले असते तर हाती काय उरलं असतं? नुसतं पाणी?" मॅडमही काही मऊ नाहीत. "थोड्या मिसळीनं एवढा मोठा फरक पडत नाही."

"मग मला करून बघू द्या. नवे उंदीर, जास्त उंदीर, पूर्ण धुणं. फरक राहिला तर मी स्वतः त्या आकडेशास्त्र्याच्या तोंडावर निबंध फेकते."

"आणि नाही राहिला तर?"

मी तरी जागची हलले नाही. मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या, "कर. पण लवकर."

मी कामाला लागले ती त्याला खोटं पाडायचंच म्हणून. तोच मदतीला आला.

"नको," मी म्हणाले.

"एक शब्द बोलणार नाही."

"तेवढं तुला जमणार आहे?"

जमलं नाही अर्थातच. आमचा एक सूक्ष्मदर्शक दोन माणसांना एकाच वेळी बघता येईल असा आहे. दोन बाजूंना दोन जोड भिंगं, मध्ये हातभर अंतर. खोली काळोखी, एवढीशी, यंत्राच्या पंख्याची घरघर. प्रत्येक नमुना धुण्याआधी आणि धुतल्यावर तिथं बघायचा, शुक्राणू नसलेल्या गोल पेशी उरल्यात का ते शोधायचं. चार डोळे दोनपेक्षा बरे, असं तो म्हणाला. मी हो म्हटलं, ते फक्त कामासाठी.

"अरे... हे तर पळतायत!" पहिल्यांदा बघितल्यावर तो ओरडलाच. आयुष्यभर आकडे बघितले, शुक्राणू कधी बघितला नव्हता. "आणि डोकं असं वाकडं? गळासारखं?"

"उंदरांचं असंच असतं."

"चाललेत कुठे एवढ्या घाईनं?"

"तुझ्यासारखेच. जायचं कुठे ते माहीत नाही, पण दार अडवायला सगळ्यात पुढे."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. काळोखात हसणं ऐकू आलं की जास्त जवळून आल्यासारखं वाटतं. मी भिंगातून डोळे काढले नाहीत.

"धुतल्यानंतरचा बघ आता," मी म्हणाले. "स्वच्छ आहे ना?"

"डाव्या कोपऱ्यात एक गोल आहे."

मेल्याला नेमका तोच दिसायचा! मी पुन्हा धुवायचे, पुन्हा काच लावायचे, पुन्हा तो कुठूनतरी एक गोल पेशी शोधून काढायचा. एकदा तीच पेशी मी त्याला दाखवायला वाकले आणि तो मला दाखवायला वाकला, आणि आमची डोकी अशी आपटली की डोळ्यांसमोर तारे चमकले.

"लागलं?" त्यानं माझ्या कपाळाला हात लावला. लावला, आणि काढायला विसरला.

"राग आहे अजून?" जरा वेळानं त्यानं विचारलं. अगदी हळू.

"आहे."

"किती?"

"तुझ्या मशीनमध्ये मावणार नाही इतका."

"बरं," तो म्हणाला आणि हात काढून घेतला. त्याचाही मला राग आला. काढायला कोणी सांगितलं होतं?

घरी आई भाजी निवडत होती. "आज कोणावर चिडलीयस?"

"त्याच्यावरच."

"कालही त्याच्यावरच होतीस."

"हो, मग?"

"मग काही नाही." तिनं एक देठ बाजूला टाकला. "तुझ्या बाबांवर मी लग्नाआधी वर्षभर चिडलेली होते."

मी दाणदिशी दार लावून घेतलं.

निकाल आला तेव्हा मी नळाखाली काचेच्या नळ्या धूत होते. तो लॅपटॉप छातीशी धरून आला. चेहरा उतरलेला.

"आकडेमोड झाली."

"आणि?"

"मी बघितलेलं नाही. आलेख तयार आहे, उघडलेला नाही. तुझं काम आहे. तू उघड."

"खरंच नाही बघितलंस?"

"आईशप्पथ."

मी ओले हात एप्रनला पुसले. आधी तो बापाच्या खुणेचा जीन बघितला. पोटभर जेवणाऱ्यांत पुरी. अर्धपोटींतही पुरी. म्हणजे या वेळी नमुने स्वच्छ होते, शंकेला जागा नव्हती. मग दुसरा आलेख उघडला. दोन रेघा होत्या, आणि त्या एकीवर एक बसल्या होत्या. वर कोणी नाही, खाली कोणी नाही. फरक नव्हता. बाप उपाशी राहिला होता आणि त्याच्या शुक्राणूंनी सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. खुणा फिकट झाल्याच नव्हत्या.

मी हातमोज्यांचा खोका भिंतीवर भिरकावला. मग दुसरा भिरकावला.

"बोल ना काहीतरी!"

"काय बोलू?"

"म्हण, मी सांगितलं होतं!"

"नाही म्हणणार."

"का? खरं ठरलास ना? मग म्हण!"

"कारण मला चुकायचं होतं," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आपण चुकावं. तो प्रत्येक गोल शोधताना वाटायचं, हा नसावा. तो असायचाच. मी काय करू?"

मला रडू फुटलं. रागानं रडणं हा सगळ्यात वाईट प्रकार, नाक वाहतं आणि शब्द फुटत नाहीत. तो जवळ आला नाही, समजूत काढली नाही. खाली बसून विखुरलेले हातमोजे एक एक करून गोळा करत राहिला.

मी तशीच, लाल डोळ्यांनी, लॅपटॉप घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी दोन्ही आलेख बघितले.

"जुनाच निबंध पाठवू," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"हे नवं वेगळं ठेवू. पुढे कधीतरी बघू. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

"तुला पदवी हवीये की नको? शिष्यवृत्ती संपतेय तुझी. मुदतवाढीवर सही मी करायची असते, विसरू नकोस."

"नका करू! पण खोट्या कामावर माझं नाव जाणार नाही. दुसऱ्या पेशी मोजून मी जगाला सांगू की भुकेल्या बापाची पोरं बिघडतात? किती बापांच्या जिवाला घोर लागेल, कळतंय का तुम्हाला?"

"जुन्या आकड्यांचा तक्ता मी देणार नाही," दारातून आवाज आला. आकडेशास्त्री उभा होता.

मी गर्रकन वळले. "तुला कोणी बोलावलं? माझं भांडण मला भांडता येतं!"

"माहितीये. पण तक्ता मी केलाय."

"तुझी नोकरी जाईल, मूर्खा!"

"जाऊ दे."

"जाऊ दे काय जाऊ दे! घरभाडं कोण भरणार तुझं? मोठा आला शहीद व्हायला!"

"मी तुझ्यासाठी नाही करत आहे! म्हणजे... तुझ्यासाठी पण करतोय, पण —"

"तुमचं भांडण माझ्याशी आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "की मी बाहेर जाऊन बसू?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. एकाएकी त्या फार थकलेल्या दिसल्या. पुन्हा त्या एकीवर एक बसलेल्या रेघांकडे बघत म्हणाल्या, "आजारी प्राणी, म्हातारे प्राणी, विष दिलेले प्राणी... ज्यांचे ज्यांचे शुक्राणू कमी, त्यांच्यावरच्या कामात किती ठिकाणी हेच झालं असेल." मग स्वतःशीच चिडून टेबलावर हात आपटला. "लिही. काय चुकलं, कसं चुकलं, सगळं लिही. धुणं थांबवायला मी सांगितलं होतं, तेही लिही. पण या वर्षी पदवी विसर. आणि मुदतवाढ मिळेलच याची खात्री मी देत नाही. जा आता दोघंही माझ्या डोळ्यांसमोरून."

आम्ही जिन्यापाशी आलो.

"मला भयंकर राग आलाय," मी म्हणाले.

"कोणावर?"

"उंदरांवर. मॅडमवर. माझ्यावर. तुझ्यावर सगळ्यात जास्त!"

"मला काहीतरी सांगायचंय."

"नको. तू काहीतरी समजुतीचं बोलशील आणि मी पुन्हा रडेन."

"समजुतीचं नाहीये." त्यानं कठडा घट्ट धरला. "मला तू आवडतेस. फार आवडतेस."

"ही वेळ आहे हे सांगायची? माझी तीन वर्षं आत्ता पाण्यात गेलीत!"

"म्हणून तर थांबलो होतो. आधी बोललो असतो तर तुला वाटलं असतं, माफी मागतोय. नाहीतर लाडीगोडी लावतोय. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून..."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही. तरी नवा निबंध मीच तपासून देईन. आणि चुका काढीन."

काय म्हणावं या माणसाला! तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या शर्टाची बाही धरली, ओढली, आणि तो एक पायरी खाली माझ्यासमोर आला. ते झोपाळू डोळे आता पार जागे होते, घाबरलेले, माझ्या अगदी जवळ.

"मलाही तू आवडतोस!" मी ओरडले. "कळलं? आवडतोस! कधीपासून आवडतोस!"

जिना नुसता दणाणला. वरच्या मजल्यावर मॅडमचं दार उघडलं.

"हे तरी नीट तपासून घेतलंय का?" त्या वरून ओरडल्या.

"दोनदा!" मी खालून ओरडले, आणि त्याची बाही काही सोडली नाही.